आत्मे किती?

हसा लेको, हसा. जनरेटर बंद पडला की म्हाताऱ्याला भुतं आठवतात, असंच म्हणताय ना? पण वेंडेल प्रूट याच घरात, माझ्या शेजारच्या खाटेवर झोपायचा. आणि उद्या त्याचंच विमान घेऊन तुम्ही जाणार आहात, म्हणून सांगतो.

गेल्या वर्षीची चौदा नोव्हेंबर, गुरुवार. रात्री सव्वानऊला मी टॉवरवर गेलो होतो, रेडिओची बॅटरी बदलायला. रात्रपाळीला विमानांशी बोलायला लाकेर होती, इथलीच पोरगी. तिने पोशो, म्हणजे इथली मक्याची घट्ट उकड, आणि घेवड्याचं ताट पुढे सरकवलं. म्हणाली, "खा मेकॅनिकबाबा. तुम्हा अमेरिकनांच्या डब्यातलं ते मांस आमचं कुत्रंही हुंगत नाही."

खाली धावपट्टीवर वेंडेल निघायच्या तयारीत होता. एकटाच.

आता आधीचं ऐका. वेंडेल विमान चालवायचा आणि मागे कॅल्विन टीग कॅमेरा सांभाळायचा. सहा वर्षांची जोडी. कॅल्विन त्याला कधी नावाने हाक मारायचा नाही. "ए ड्रायव्हर, खड्डे चुकव की, माझी कॉफी सांडली!" काम लष्कराचं, पगार कंपनीचा, गणवेश कुणाचाच नाही. कागदावर आपण नुसते नकाशे काढणारे, टेहळणीचा कॅमेरावाला कुठे दिसायला नको, म्हणून विमानात एकटा पायलटच दाखवायचा, असा कंपनीचा हुकूम. तो आजही आहे.

टॉवर निघताना काय विचारतो? माणसं किती, असं नाही विचारत. आत्मे किती. जगभर हीच पद्धत. विमान पडलंच, तर शोधायचे किती ते कळावं म्हणून. वेंडेल रोज सांगायचा, "एक." मागून कॅल्विन खिदळायचा, "बरोबर आहे, माझा आत्मा मी बायकोपाशी ठेवून आलोय!"

जूनमध्ये त्यांचं विमान सीमेपलीकडच्या जंगलात पडलं. सुटकेची तुकडी पोचली तेव्हा वेंडेल फांद्यांत अडकलेला, डोकं फुटलेलं. त्यांनी विचारलं, "आत्मे किती?" आणि अर्धवट शुद्धीत त्याच्या तोंडून निघालं ते रोजचंच.

"एक."

ते त्याला घेऊन निघून गेले.

तो शुद्धीवर आला दोन दिवसांनी. "कॅल्विन कुठंय?" म्हणून ओरडला. कंपनीचा साहेब उशाशीच बसला होता. शांतपणे म्हणाला, "कोण कॅल्विन? त्याने मे महिन्यातच नोकरी सोडली. आणि नोंद तर तुझ्याच तोंडची आहे, वेंडेल." लष्करानेही हात झटकले, आमचा माणूस नव्हेच म्हणाले. पुन्हा शोधायला कुणीही गेलं नाही. सहा वर्षं ज्यांच्यासाठी जीव धोक्यात घातला, त्यांनीच केसाने गळा कापला. आणि मी? दोघांना चढवून दार मीच लावलं होतं. तरी मी गप्प बसलो. थुंका माझ्यावर, चालेल.

नवं विमान आलं. वेंडेल पुन्हा उडू लागला, पण झोपेना. त्या गुरुवारी संध्याकाळी मला म्हणाला, "तो रोज विचारतो रे. हेडफोनमधून. ड्रायव्हर, किती? आज मी खरं सांगणार. लाकेरच्या वहीत तरी राहील."

तर टॉवरवर लाकेरने विचारलं, "आत्मे किती?"

रेडिओ खरखरला. मग वेंडेलचा आवाज, स्वच्छ. "दोन. मी आणि कॅल्विन टीग."

लाकेरने माझ्याकडे पाहिलं. लिहून घेतलं. विमान गेलं.

अकरा वाजले. बारा. रेडिओ गप्प.

एक वाजून चाळीस मिनिटांनी दिवा दिसला. सरळ खाली येत होता. वारा असूनही... जराही न हलता.

"आलात का?" लाकेर म्हणाली. "आत्मे किती?"

ती माइककडे वाकली.

"वेंडेल?"

खरखर...

कुणीतरी खिदळलं.

"एक... ड्रायव्हर वाटेत उतरला."

तो आवाज मी ओळखला.

मी धावलो. विमान पट्टीच्या टोकाला थांबलेलं. दार आतून बंद. पहारीने उचकटलं. पुढे कुणी नाही. मागे...

कुणी नाही.

सकाळी कंपनीने कळवलं, त्या रात्री विमान उडालंच नाही. वहीतलं पान फाडून नेलं. विमान धुतलं, दार नवं बसवलं. वेंडेलनेही म्हणे नोकरी सोडली होती.

एक वस्तू मात्र मी त्यांना दिली नाही. मागच्या सीटवरचा हेडफोन. हा बघा. तेव्हापासून माझ्या पेटीत आहे, वायर कशालाच जोडलेली नाही.

धर ना. घाबरतोस काय, हात लाव.

गरम आहे ना?