पंखे शांत झाल्यावर

आमच्या कोपऱ्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्या दुपारी मी तिथे गेले ती एवढंच सांगायला, की घरच्या कॉम्प्युटरमधल्या कार्डाचा आवाज बंद करून द्या. नळ गळतोय म्हणून प्लंबरकडे जावं, तशी. हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून लोकांना वाटतं, ही बाई मुळातच हळवी असणार. मी शिवणकाम करते हो. पडदे, गणवेश, पँटच्या चेना. माझा विश्वास कात्रीवर आणि टेपवर.

घरात मी आणि माझा धाकटा भाऊ, दोघंच. त्याच्या अंगातले स्नायू लहानपणापासून एकेक करून रजा घेत गेले. आधी पाय, मग खांदे, मग मान. आता उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं तेवढी त्याचं ऐकतात. त्या तीन बोटांवर तो गेम खेळतो, आणि खेळतो म्हणजे काय, धडधाकट माणसांना रडवतो. त्याची एक टोळी आहे, कुठल्या कुठल्या देशांतली. त्यांनी आपसात ठरवून त्याला वाढदिवसाला ग्राफिक्स कार्ड पाठवलं. विटेसारखं जड, तीन पंख्यांचं, बाजारातलं सगळ्यात तगडं. ते बसवलं त्या दिवशी स्क्रीनवरचं गवत बघून तो म्हणाला, "ताई... पातं न् पातं... हलतंय गं."

असाच बोलायचा तो. दोन शब्द, मग श्वास. पुन्हा दोन शब्द.

झोपताना आणि एरवीही बराच वेळ त्याला मास्कचं मशीन लागायचं, ते हवा आत ढकलतं. दुपारी थोडा वेळ डॉक्टरांनी मास्क काढायची मुभा दिली होती, कारण मास्क लावून टोळीशी बोलता येत नाही. तेवढा वेळ मी बाहेरच्या खोलीत शिवायला बसायचे आणि कान आत ठेवायचे. श्वास उथळ झाला की त्याचा आवाज बदलतो, कापड फाटायच्या आधी शिवण कुरकुरते तसा. मग धावत जाऊन मास्क चढवायचा. हाक मारण्याइतका दम तेव्हा त्याच्यात उरत नाही. माझे कान हीच त्याची हाक.

आणि हे नवं कार्ड, गेम सुरू झाला रे झाला की घोंघावायला लागायचं. शेजारी कुणी गिरणी टाकलीय असं वाटावं. त्याचा श्वास मला ऐकूच येईना. वर त्याची धग! उन्हाळ्याचे दिवस, आणि एसीची कोरडी हवा त्याला सोसत नाही. खोकल्याची उबळ आली तर कफ बाहेर टाकायची ताकद कुठून आणणार? कार्ड चौऱ्याऐंशी डिग्रीला जायचं आणि खोलीची भट्टी व्हायची. एकदा सहज डोकावले, तर ओठ जांभळे पडलेले. बोटं मात्र खेळताहेत.

"काढून टाकते हे कार्ड," मी म्हणाले.

"मग मी... काय करू?"



म्हणून मी दुकानात गेले. दुकानदाराला सगळे उस्ताद म्हणतात. दुसऱ्याच दिवशी ते पिशवी घेऊन घरी आले. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं झाकण काढून आत बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"अहो ताई, पैलवानाला कपाटात कोंडून वर पळायला सांगताय तुम्ही. घाम नाही येणार तर काय!"

पुढची काच काढून त्यांनी जाळी बसवली. लहान किंचाळणारे पंखे काढून मोठे, सावकाश फिरणारे लावले. कार्ड उघडून आतली उष्णता ओढणारी पेस्ट वाळली होती ती पुसली, नवी लावली. मग कीबोर्ड पुढ्यात घेऊन कार्डाची वीज जराशी कमी केली.

"सेकंदाला दोनशे चित्रं काढतंय हे उगाच. साठावर लगाम घालतो."

"शंभर तरी... ठेवा ना," भाऊ म्हणाला.

"साठ. ताईंचे कान महत्त्वाचे की तुझं गवत?"

तो हसला. हसताना त्याचे नुसते डोळे हसतात. शेवटी उस्तादांनी मला स्क्रीनवरच्या दोन-तीन पट्ट्या दाखवल्या. या खाली असल्या की कार्ड गार आणि गप्प, वर ओढल्या की पुन्हा गिरणी. गरज नसेल तेव्हा कार्डाचे पंखे आपोआप थांबतील, आणि गरम हवा मागून भिंतीकडे जाईल, तुमच्या भावाच्या अंगावर येणार नाही, असंही सांगितलं.

गेम सुरू झाला. काही ऐकू आलं नाही. मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसले आणि तिथून मला त्याचा श्वास ऐकू आला... आत, बाहेर, आत. स्वच्छ. हातातल्या गणवेशावर दोन थेंब पडले, ते मी इस्त्रीने वाळवले.

काही दिवस असे सुखात गेले.

मग एका दुपारी मी सुईत दोरा ओवत होते. कडक ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आतून त्याचा श्वास येत होता, आणि त्याच्या पाठोपाठ आणखी एक. आधी वाटलं, भिंतीवरून आवाज परत येतोय. मग वाटलं, माझाच असेल. मी माझा श्वास रोखून धरला. तरी दोन. हा सोडायचा तेव्हा तो दुसरा घ्यायचा. जड, ओलसर, सावकाश.

मी उठून दारात गेले. एकच श्वास. पुन्हा खुर्चीवर येऊन बसले, की दोन.

"गेमचा आवाज बाहेर येतोय का रे?" मी विचारलं.

"हेडफोन आहे... कानाला. बाहेर कसा... येईल?" आणि थोडं थांबून म्हणाला, "उस्ताद भारी... माणूस. मानेवर... गार लागतंय."

कॅबिनेट त्याच्या पायाशी होतं, पाठ भिंतीकडे. तिथून मानेपर्यंत वारा पोचेलच कसा? मी हात फिरवून बघितला. सगळी खोली तापलेली, आणि त्याच्या मानेमागे तळहाताएवढी जागा गार. तळघरातली हवा असते तशी. वासही तसाच... ओल्या मातीचा, बंद ठेवलेल्या पेटीचा.

स्क्रीनच्या कोपऱ्यात कार्डाचं तापमान दिसायचं. उस्तादांनी काम केल्यावर ते बासष्टच्या आसपास असायचं. आता तिथे एकोणीस होतं. गेम जोरात चाललेला.

मी फोन लावला. "शक्यच नाही," उस्ताद म्हणाले. "पंखा वस्तूला खोलीइतकी गार करतो, त्याच्याखाली नेऊ शकत नाही. मापक गंडलं असेल. येतो."

आले. गेम चालू असतानाच त्यांनी बाजूचं झाकण काढलं. कार्डाचे तिन्ही पंखे थांबलेले होते. त्यांनी पात्यांमधून आतल्या धातूला दोन बोटं लावली आणि झटकन मागे घेतली. बोटं शर्टाला पुसली. शर्टावर ओला डाग पडला.

मीही वाकून बघितलं. धातूवर वाफेचा थर आला होता, काचेवर फुंकर घातल्यावर येतो तसा. बघता बघता तो विरला. मग पुन्हा आला. पुन्हा विरला. पलीकडून कुणीतरी तोंड लावून...

उस्ताद बराच वेळ उकिडवे बसून बघत राहिले. विनोद करणारा माणूस, पण चेहरा पार उतरला. मला बाहेर बोलावून हळूच म्हणाले, "ताई... चार दिवस बंद ठेवा हे. प्लग काढून ठेवा."

"पण काय आहे?"

"मला नाही माहीत. मला माहीत करून घ्यायचंही नाही."

त्यांचा स्क्रू-ड्रायव्हर आमच्याकडेच राहिला. न्यायला ते आले नाहीत, आणि मी तो नेऊन दिला तर दुकानातल्या पोऱ्यानेच घेतला.

मी प्लग काढला. भावाने माझ्याशी बोलणं टाकलं. त्याला तोंड फिरवता येत नाही, म्हणून डोळे मिटून घ्यायचा. आणि कॉम्प्युटर मेल्यासारखा पडलेला असताना, तो दुसरा श्वास चालूच राहिला. उलट आता तो मी खोलीत असतानाही थांबेना. आधी तो भावाच्या मागून यायचा. मग बरोबरीने यायला लागला. मग पुढून. तो घ्यायचा, मग माझा भाऊ घ्यायचा. त्याने सावकाश केला की हाही सावकाश. लहान मुलाचं बोट धरून कुणी चालवावं ना, तसं.

एका संध्याकाळी, उजेड जायच्या बेताला, तो दुसरा श्वास फारच सावकाश झाला.

भावाचे ओठ काळवंडले. मी मास्क चढवला. ते मशीन माणसाचा श्वास ओळखतं, माणूस घ्यायला लागला की हवा ढकलतं. मशीन हवा ढकलायला लागलं, पण भलत्याच वेळी. भावाची छाती बसत असताना आत ढकलायचं, तो घेऊ बघायचा तेव्हा थांबायचं. ते दुसऱ्याच कुणाच्या तरी श्वासावर चालत होतं. भाऊ गुदमरला, डोळे पांढरे केले. मी मास्क ओरबाडून काढला. ॲम्ब्युलन्सला फोन केला. "निघतोय," म्हणाले.

आणि मला एकच सुचलं. कार्ड गरजत होतं, तापत होतं, तेव्हा हे काही नव्हतं. मी प्लग खोचला. गेम सुरू केला. उस्तादांनी दाखवलेल्या सगळ्या पट्ट्या वर ओढल्या, शेवटपर्यंत. पंखे किंचाळत सुटले. कोपऱ्यातला आकडा चढायला लागला. चाळीस, साठ, ऐंशी. मानेमागचा गारवा गेला. खोलीतून कुणी उठून गेलं की आपली पाठ असतानाही कळतं ना, तसं मला कळलं. गेलं ते.

"गेलं रे बाळा," मी ओरडले. "घे आता श्वास. तुझा तू घे!"

त्याने घेतला नाही.

त्या गोंगाटात काही ऐकू येत नव्हतं. मी छातीवर हात ठेवला. हाताखाली काही हललं नाही. मास्क लावला, मशीन कुणाची तरी वाट बघत शिट्ट्या मारत बसलं. मी माझं तोंड त्याच्या तोंडाला लावून फुंकलं. पुन्हा फुंकलं. माझा दम संपत आला, डोळ्यांपुढे ठिपके नाचायला लागले, ॲम्ब्युलन्सचा पत्ता नाही. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की इतके दिवस ते त्याचा श्वास हिरावून घेत नव्हतं. त्याचा स्वतःचा श्वास केव्हाच संपत आला होता. उरलेला त्याच्यासाठी कोण घेत होतं, ते...

मी उठले आणि सगळ्या पट्ट्या खाली ओढल्या. पंखे कण्हत कण्हत थांबले. शांतता झाली. मी हात जोडले. कुणापुढे, ते देवालाच ठाऊक.

"ये," मी म्हणाले. "कुणी का असेनास... ये. ये ना रे."

आकडा उतरायला लागला. साठ. चाळीस. खोलीच्या तापमानाच्या खाली. त्याच्याही खाली. ओल्या मातीचा वास आला. आणि माझ्या भावाची छाती वर आली, एकदम, खूप वर, इतकी वर तिला येताना मी जन्मात बघितली नव्हती.

ॲम्ब्युलन्सवाले आले तेव्हा त्याच्या गालांवर रंग होता. "तुमच्यापेक्षा यांचा श्वास बरा आहे, ताई," त्यातला एक जण म्हणाला. पुढे डॉक्टरांनीही तपासण्या केल्या. कागद दोनदा उलटसुलट बघून म्हणाले, "या स्नायूंना हे जमायला नको. जमतंय खरं. मी कशाला तक्रार करू?" मास्कचं मशीन आता कपाटात आहे.

मी कार्ड जपते. दर आठवड्याला मऊ ब्रशने जाळीवरची धूळ काढते. पट्ट्यांना कुणाला हात लावू देत नाही. वीज गेली तर म्हणून बॅटरी बसवून घेतलीय. कार्ड गार पाहिजे आणि घर शांत पाहिजे, एवढंच बघते. त्या उन्हाळ्यानंतर मी घरात मोठ्याने हसलेसुद्धा नाही. भाऊ आहे ना माझा... मग झालं तर.

काल संध्याकाळी तो मला सांगत होता, टोळीने एक किल्ला कसा घेतला ते. पूल कसा तोडला, कोण पाण्यात पडलं, शेवटी कुणी दगा दिला. किती दिवसांनी इतका बोलत होता! एका दमात, कुठे न अडखळता, वाक्यामागून वाक्य. मांडीवरचं शिवण विसरून मी कौतुकाने ऐकत बसले. मग माझ्या लक्षात आलं, की मला दोन आवाज येताहेत. तो बोलत होता, आणि त्याच्या बोलण्याच्या खालून श्वास चालला होता. आत... बाहेर... आत. सावकाश, ओलसर. आणि तो कॅबिनेटकडून येत नव्हता.

मी उठून त्याच्या छातीला कान लावला.

"काय गं ताई, काय ऐकतेयस?" त्याने मधेच विचारलं आणि पुढचं सांगायला लागला.

माझ्या कानाखाली तो श्वास थांबला. आतून कुणी कान देऊन ऐकावं, तसा. भाऊ मात्र बोलतच राहिला.