चारशे सातवा

"तुम्ही मला दोनदा मोजलंत."

मनोऱ्याच्या दारात एक माणूस थांबून असं म्हणाला, तेव्हा तिने मान वर केली. तिच्या दोन मुठींत मोजायची दोन यंत्रं होती. डावं वर जाणाऱ्यांसाठी, उजवं खाली येणाऱ्यांसाठी. माणूस समोरून गेला की अंगठा दाबायचा... टक्‌.

"एकदाच दाबलं मी."

"दोन टक्‌ ऐकले. एवढा जाड दिसतो का?"

तिने आकडा पाहिला. खरंच दोनदा दाबलं गेलं होतं. वहीत दुरुस्ती लिहिताना तिला हसू आवरेना.

तो आठवड्याच्या रजेवर, जुनी राजधानी बघायला मावशीकडे आला होता. सकाळी कधी वस्तुसंग्रहालय, कधी राजांचा दरबार, कधी शस्त्रांचं दालन. पण चार वाजले की रोज पुन्हा मनोराच.

"काम काय करता हो?" तिने तिसऱ्या दिवशी विचारलं.

"लिफ्ट दुरुस्त करतो."

"आणि रजा काढून तीनशे अकरा पायऱ्या चढता?"

"निदान इथे कोणी 'मधेच अडकलोय' म्हणून फोन करत नाही. तुम्ही किती वेळा गेलात वर?"

"एकदाही नाही. उंचीवर माझे पाय लटपटतात. कुणाला सांगू नका हं... महिनाअखेर मला कायम करणार आहेत."

"नाही सांगत. पण वरून तुमचं दार दिसतं. तुम्ही मुंगीएवढ्या दिसता."

"मुंगीत काय बघायचं एवढं?"

 लिफ्टवाला नुसता तिच्याकडे बघून जिना चढू लागला.

शनिवारी त्याची सातची गाडी होती. त्या दिवशी चारला तो आला तो गप्पच. थट्टा नाही, काही नाही. खांद्यावर बॅग घेऊन वर गेला.

साडेपाचला शेवटची मंडळी उतरली. तिने दोन्ही मुठी उघडल्या. डावं चारशे सात. उजवं चारशे सहा.

कुलूप घेऊन आलेले पहारेकरी काका थबकले. आकडे जुळल्याशिवाय दार लावायचं नाही, असा नियम होता. पूर्वी एक माणूस असाच वर राहिला होता. तो जिन्याने खाली आला नाही... तेव्हापासूनचा नियम.

"कोण राहिलं?"

तिने रिकाम्या जिन्याकडे पाहिलं. "तो लिफ्टवाला उतरताना दिसला नाही मला."

"तुझी नजर हलली नव्हती ना?"

"नाही," ती म्हणाली. ते खोटं होतं. एकदाच, क्षणभर, तिने जिन्याकडे पाठ केली होती.

काकांनी वर हाका मारल्या. उत्तर नाही. मग ते हळूच म्हणाले, "यंत्र अडकलं असेल, पोरी. उजवं एकदा दाब आणि घरी जा. मी काही बघितलं नाही. ऐन महिनाअखेरीला कशाला घोळ?"

अंगठा यंत्रावर होता. एक टक्‌, की सगळं जुळलं असतं. तिने दोन्ही यंत्रं वहीवर ठेवली, बॅटरी उचलली आणि जिना चढायला लागली.

शंभरेक पायऱ्यांनंतर पाय लटपटू लागले. भिंतीला हात लावत ती चढत राहिली. "अहो... आहात का?" तिचाच आवाज परत आला.

वर गच्चीवर कोणी नव्हतं. फक्त वारा. आता कठड्यावरून खाली बघायचं तेवढं राहिलं होतं. ती गुडघ्यांवर बसून सरकत गेली. पहिली बाजू... काही नाही. दुसरी... तिसरी... काही नाही. चौथ्या बाजूला डोळे उघडायला तिला वेळ लागला.

खाली, कामगारांच्या मागच्या दाराशी, बाकावर एक माणूस मांडीवर बॅग घेऊन बसला होता.

ती खाली कशी आली, हे तिला कधीच सांगता आलं नाही.

"कधी उतरलात तुम्ही?" ती धापा टाकत ओरडली. "न सांगता?"

तो दचकून उठला. "सांगणारच होतो. पण तुम्ही भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होतात. म्हटलं, आत्ता बोललो तर माझंही तेच होईल... तुम्ही सुटलात की याच दाराने जाता, म्हणून इथे बसलो."

"धूळ गेली होती डोळ्यात."

"हो. वरही बरीच होती."

त्याने मान वर करून मनोऱ्याकडे पाहिलं.

"मला शोधायला तीनशे अकरा पायऱ्या चढलात?"

"मी नाही मोजल्या."

"इथेच राहिलो तर चालेल? लिफ्ट इथल्याही बिघडतात."

"मावशीला विचारलंत?"

"मावशीच कालपासून विचारतेय, रोज त्या मनोऱ्यावर ठेवलंय तरी काय."

तेवढ्यात काका वही आणि दोन्ही यंत्रं घेऊन आले. त्याला बघून त्यांनी मोठा श्वास सोडला. "फरकाचं कारण लिही. यंत्र अडकलं म्हण."

तिने लिहिलं : 'मोजणारीने डोळे पुसायला पाठ वळवली.'

काकांनी ते दोनदा वाचलं. "साहेब वाचतील हे. कदाचित कायम करणार नाहीत."

"वाचू देत, काका."

"तुझी काकू गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी इथे कोरड्या डोळ्यांनी उभा होतो. एकही आकडा चुकला नाही माझा." काका थांबले. "त्यात काही शहाणपण नव्हतं, बाळ." आणि त्यांनी खाली सही केली.

सातच्या गाडीला आता वीस मिनिटं उरली होती. त्याने घड्याळ पाहिलं आणि बॅग बाकावर ठेवली.

तिने उजवं यंत्र उचललं. त्याच्याकडे नीट, मान वर करून पाहिलं. टक्‌.

"या वेळी एकदाच ना?" त्याने विचारलं.

"एकदाच."