लाल किमोनो, हिरवा किमोनो

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. अंबरनाथच्या एका शाळेच्या हॉलमध्ये फिल्म सोसायटीने जुना जपानी सिनेमा लावला होता. कॉलेजात शिकणारी उत्पला मैत्रिणीची वाट पाहून शेवटी एकटीच जाऊन बसली. दिवे मालवले, आणि थोड्या वेळाने शेजारच्या खुर्चीतून दबका आवाज आला, "ऐका ना... ही मघाचीच का?"

तिने लक्ष दिलं नाही. पडद्यावर बर्फ भुरभुरत होतं, एक बाई सावकाश पूल ओलांडत होती.

"सॉरी... पण ही मघाचीच का?"

"मघाची लाल किमोनोतली. ही हिरव्यातली," उत्पला फणकारली. "दिसत नाही का?"

"नाही दिसत. मला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही."

ती ओशाळली. मग सिनेमा संपेपर्यंत त्याला रंग सांगत राहिली. नुसतं लाल म्हणून भागेना, तेव्हा निखाऱ्यासारखा, पिकल्या तोंडल्यासारखा, असं काहीबाही. सांगता सांगता तिचा खांदा त्याच्या खांद्याला टेकला. दोघांनाही ते कळलं — पण सरकलं कोणीच नाही.

नंतरच्या चर्चेत सगळे रंगांवरच बोलले. शेवटी तो उठला. सुदाम, खरवई गावचा, बदलापूरला गणित शिकवायचा. तो म्हणाला, या दोघी एका चौकटीत कधीच येत नाहीत. एक निघून गेली की कॅमेरा तिच्या रिकाम्या जागेकडे बघत राहतो, आणि दुसरी नेमकी तिथेच येऊन उभी राहते. नायक एकीच्या जागी दुसरीला बघतो, त्याची सगळी चूक त्या रिकाम्या जागेत आहे.

उत्पलाला ती जागा दिसलीच नव्हती. रंगांनीच डोळे भरून गेले होते.

पुढे दर महिन्याला शेजारच्या खुर्च्या ठरून गेल्या. सिनेमा सुटला की शिवमंदिरापर्यंत वाद घालत चालायचं. वर्षभराने तिच्यासाठी स्थळं येऊ लागली, तेव्हा तिने तेही त्याला सांगून टाकलं.

सुदाम चालायचा थांबला. या डोळ्यांपायी त्याची रेल्वेतली नोकरी हुकली होती, एक जमलेलं लग्नही मोडलं होतं. ते सगळं सांगून तो म्हणाला, "म्हणून विचारायचं धाडस होईना... आधी घरी माझ्या डोळ्यांचं सांग. मग मी येतो."

"कालच सांगितलं आईला."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, तुझ्या बाबांना सगळे रंग दिसतात. पण मी काय नेसलेय, हे त्यांनी आजवर एकदा विचारलं नाही. हा विचारतो तरी."

सुदाम तिच्या ओढणीकडे बघत हळूच म्हणाला, "ही... कोणत्या रंगाची?"

उत्पलाने ओढणी सावरली. "रविवारी घरी ये," ती म्हणाली. "आईसमोर सांगते."