गाणारा कुठे गेला?

भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच सुटली तेव्हा आत बसायला जागाच नव्हती. किशोरीच्या एका हातात चुलत बहिणीचा, नूतनचा, लग्नाचा चुडा आणि दुसऱ्या हातात जड पिशवी. कठड्याजवळ एक मोठी काळी पेटी दिसली. ती सरळ तिच्यावर जाऊन बसली.

"अहो, उठा उठा! त्याच्यावर नका बसू."

कानात इयरफोन घातलेला एक उंच मुलगा धावत आला.

"का? आत नवरी बसवलीय काय?"

"स्पीकर आहे. आजच मुंबईहून दुरुस्त करून आणलाय. नाजूक आहे."

"एवढा धिप्पाड आणि नाजूक?"

"धिप्पाडच जास्त नाजूक असतात."

किशोरीला हसू आलं. ती थोडी सरकली. "बरं, कडेला बसते. चालेल?"

चाललं. तो किहीमचा विनेश. बोलताना त्याचा पाय सारखा हलत होता.

"काय ऐकताय एवढं?"

"डब. म्हणजे रेगेमधूनच निघालेलं. जमैकाचं संगीत." त्याने एक इयरफोन तिच्यापुढे धरला.

तिने तो कानात घातला... आणि पोटात काहीतरी हललं. जाड, संथ बेस. होडीच्या तळाला खालून पाणी थापट्या मारतं तसा. गाणाऱ्याचा एकच शब्द आला, तीन-चारदा घुमला आणि लांब जाऊन विरला.

"गाणारा कुठे गेला?"

"काढून टाकला."

"बिचारा! काय गुन्हा केला त्याने?"

"काही नाही. गाणं काढलं की त्याच्याखाली काय चाललं होतं ते ऐकू येतं."

किशोरी ऐकत राहिली. तिचं बोट आपोआप पेटीवर वाजू लागलं. विनेश बघतच राहिला.

"काय झालं? स्पीकर फुटेल?"

"नाही... सगळे ठोक्यावर वाजवतात. तुम्ही मधल्या रिकाम्या जागेत वाजवताय. माझे मित्र तर म्हणतात, तुझं गाणं म्हणजे बंद पडायला आलेलं इंजिन."

"आमच्या धवल्यात असंच असतं," ती म्हणाली. "हळदीला, लग्नाला गातात तो. माझी नीराआत्या धवलारीण आहे. ती ओळ सोडते आणि थांबते. मग बायका झेलतात. ते थांबणं जमलं तर धवला जमला."

मग कसं कोण जाणे, पण मनातली भीतीही तिने त्याला सांगून टाकली. आत्याचा गळा बसला होता. उद्या नूतनच्या हळदीला किशोरीला पहिल्यांदाच एकटीने धवला गायचा होता. घरात कुजबूज चालूच होती, डीजे असताना धवला कशाला? उद्या फजिती झाली तर पुढच्या लग्नात कोणी धवल्याचं नावही काढणार नव्हतं.

"त्या डीजेला समुद्रात बुडवायला पाहिजे!"

"त्याला पोहता येत असेल तर?"

"त्याच्याच स्पीकरचा बॉक्स बांधून बुडवीन."

विनेश एकदम दुसरीकडे बघू लागला. रेवसला उतरताना मात्र म्हणाला, "पहिली ओळ घाईत सोडू नका. जागा मिळेल तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती मांडवात आली. दोन्ही बाजूंना काळ्या बॉक्सांच्या भिंती उभ्या होत्या, आणि मागे बटणांवर हात ठेवून...

"तुम्ही!"

"दोरी आणलीय ना? बांधायला?"

"काल का नाही बोललात?"

"बोललो असतो तर लाँचमधूनच ढकललं असतंत."

राग आला होता. पण हसूही आवरत नव्हतं, त्याला ती काय करणार?

हळद सुरू झाली. गाण्यांवर अख्खा कोळीवाडा नाचत होता. नूतनला पाटावर बसवलं तशी नीराआत्याने किशोरीला पुढे ढकललं. तिने माईक घेतला. या गोंगाटात कोण ऐकणार?

तेवढ्यात चालू गाण्यातला गाणारा गेला. मग ढोलकी गेली. नुसता बेस उरला, संथ, जाड. मधे मोकळी जागा. किशोरीने विनेशकडे पाहिलं. त्याने हळूच मान हलवली. जागा तिच्यासाठी होती!

तिने श्वास घेतला, आणि दोघी बहिणींचे काका धर्माजी ओरडले, "अरं बॉक्स जलला! गानारा गेला! बंद कर, बंद कर!" कोणी अडवायच्या आत त्यांनी पळत जाऊन जनरेटर बंद केला.

अंधार. शिट्ट्या. पोरांचा आरडाओरडा. विनेशचा आवाज आला, "काका, बिघडलं नव्हतं हो, मुद्दाम केलं होतं!"

"मुद्दाम कोन बिघडवतो रं?"

नीराआत्याने किशोरीच्या दंडाला चिमटा काढला. बसलेल्या गळ्यानेच म्हणाली, "गो, आता न्हाय तर कवा?"

किशोरीने ओळ सोडली. माईक नाही, काही नाही. "हळद आली गो, समिंदराच्या वाटेनं..." आणि थांबली. शिट्ट्या थांबल्या. त्या रिकाम्या जागेत मागून समुद्र ऐकू आला. मग अंधारातून बायकांनी ओळ झेलली, एकदम, पन्नास गळ्यांनी. तिच्या अंगावर काटा आला. तिने दुसरी ओळ सोडली.

जनरेटर सुरू झाला. दिवे आले. किशोरीची नजर विनेशच्या हातावर. आता याने आवाज चढवला तर संपलं. त्याने एकच बटण फिरवलं. खालून बेस आला, तिच्या आवाजाच्या पायाशी बसावा तसा. शेवटचा शब्द त्याने माईकमधून उचलला आणि घुमवत घुमवत माडांपलीकडे सोडून दिला.

"परत! परत!" मांडव ओरडला. धर्माजीकाका सगळ्यांत मोठ्याने.

सकाळी विनेश टेम्पो भरत होता. एक बॉक्स खाली राहिला होता. किशोरी आली आणि बरोबर त्याच्यावरच बसली.

"आज 'उठा, उठा' नाही म्हणणार?"

विनेश चाचरत म्हणाला, "तो धवला मी रेकॉर्ड केला होता. रात्री ऐकत बसलो. म्हटलं, याचंही डब करू... आधी बायका काढल्या. मग बेस काढला."

"आणि मी?"

"तुझा आवाज काढायला हातच जाईना... हे कसं सांगायचं ते मला येत नाही. मी फक्त काढून टाकायचं शिकलोय."

पहिल्यांदाच तो तिला 'तू' म्हणाला होता. किशोरीच्या पोटात तोच जाड ठोका पडला. मग रिकामी जागा आली.

तिने घाई केली नाही. थोडी सरकली आणि शेजारी बॉक्सवर हाताने थोपटलं.

"बस. आणि नाजूक आहे म्हणालास तर खरंच बुडवीन."