झेंडूची माळ घातलेली पेटी

"चेन मिळाली! आता फक्त सीट!" सनी ओरडला.

तुर्भ्याला गोटीरामच्या भंगाराच्या दुकानात तिघं सकाळपासून धुंडाळत होती. दिवाळीच्या सुट्टीत जुन्या भागांची सायकल जोडायची, हा सनी आणि क्षिप्राचा बेत. ज्ञानेश्वरीला घरात बसवेना, म्हणून ती नुसतीच आली होती.

तिचे आप्पा, बाबासो, आठ दिवस घरी नव्हते. लोखंडी पाइपांच्या जोडांचे फोटो काढायचं त्यांचं काम. आतून शिसं भरलेल्या जड लोखंडी पेटीत किरणोत्सर्गी धातूचा एक कण असे. त्याचे किरण लोखंडातूनही पार जात. आठ दिवसांपूर्वी आप्पांनी ती ठेवायचा कंपनीच्या गोदामातला झाकणाचा खड्डा उघडला, तर पेटी गायब! रजिस्टरात मात्र आदल्या संध्याकाळपर्यंत 'पेटी जागेवर आहे' अशी स्टोअरकीपर धर्मराजची रोजची सही. मग संशय कुणावर? आप्पांवर! मुंबईतल्या बॉम्बस्फोटांना जेमतेम दीड वर्ष झालेलं. असली वस्तू घातपात करणाऱ्यांच्या हाती पडली तर? पोलिसांनी आप्पांना चौकशीला नेलं, ते अजून सोडलं नव्हतं. जिन्यावर चपला वाजल्या की ज्ञानेश्वरी धावत जाऊन दार उघडायची. दर वेळी दुसरंच कुणीतरी असायचं.

"अय, भंगाराला हार बघ!" सनी हसला.

कोपऱ्यात नट आवळायचे मोडके पाने आणि लोखंड पकडून धरायचा गंजका व्हाइस पडला होता. सगळ्यांना हळदकुंकू. मध्ये एक लोखंडी पेटी, तिच्यावर झेंडूची वाळकी माळ. कुंकवाखालून पिवळ्या रंगावरच्या तीन काळ्या पाकळ्या, किरणांच्या धोक्याची खूण, डोकावत होत्या.

ज्ञानेश्वरीनं दोघांना बाही धरून ओढलं. "मागे या! आप्पांची पेटी आहे ही!"

तेवढ्यात गोटीराम घण घेऊन आला. "सरका पोरांनो. आत शिसं हाय, फोडतो."

"काका, नको! आत जीवघेणे किरण आहेत!"

"किरण? आता पेटीत ऊन भरून ठेवतात व्हय?" त्यानं घण उचलला.

आप्पा आता कधीच सुटणार नाहीत! तिला रडू फुटणार, इतक्यात तिची नजर माळेवर गेली.

"काका, हिची उत्तरपूजा झालीये? पूजेतलं हत्यार तसंच फोडणार?"

घण हवेतच थांबला.

"आमच्या शेजाऱ्यानं फोडलं होतं," सनीनं थाप ठोकली. "पाय मोडला. अजून प्लास्टर हाय!"

"आयला! मग भटजी बोलवाय पायजे."

"मी बोलावते!" म्हणत क्षिप्रा पळाली. भटजीकडे नव्हे, पोलिसांना फोन करायला पीसीओवर!

"भटजी येईपर्यंत इथं कुणी थांबायचं नाही," असं बजावत ज्ञानेश्वरीनं सगळ्यांना रस्त्यापलीकडे नेलं. गोटीरामसुद्धा मुकाट गेला.

पोलीस आले. पाठोपाठ मुंबईहून सरकारी अधिकारी किरण मोजणारं, टिकटिकणारं यंत्र घेऊन आले. पेटी शाबूत होती, नंबरही जुळला.

"पण ही इथं आली कशी?" मुंबईच्या साहेबांनी विचारलं.

"खंडेनवमीची पूजा, साहेब!" ज्ञानेश्वरी म्हणाली. "चालू आणि मोडकी, सगळी हत्यारं एकत्र मांडली असणार, आणि पेटी परत खड्ड्यात ठेवायची राहिली असणार."

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी मीच तो ढीग उचलला," गोटीराम चाचरला. "धर्मराज म्हनले, सगळं न्या."

"म्हणजे आप्पांनी खड्डा उघडला, त्याच्या पाच दिवस आधीच पेटी गेली होती! मग रोजची सही कसली?"

धर्मराजला आणलं, तेव्हा त्याची मान खाली होती. "खड्ड्याचं झाकण जड आहे, साहेब. असेलच आत, म्हणून सही केली."

"असेलच?" साहेब कडाडले. "रोज डोळ्यांनी बघून लिहा, हा सरकारी नियम कशासाठी आहे? ही पेटी नको त्या हातात गेली असती तर? या मुलांकडून शिका! शाबास, पोरांनो!"

फौजदारांनीही पाठ थोपटली. ज्ञानेश्वरीचं लक्ष नव्हतं. "साहेब, आप्पा?"

"त्यांना सोडायला फोन केलाय, बेटा."

संध्याकाळी जीपमधून आप्पा उतरले. दाढी वाढलेली, शर्ट ढगळ झालेला. आठ दिवसांत साठवलेलं किती सांगायचं होतं तिला! ती धावत जीपपाशी गेली.

कुठे भाजल्याची खूण नाही ना, म्हणून आप्पांनी आधी तिचे दोन्ही तळहात उलटसुलट करून पाहिले.

"किती लांब उभी होतीस?"

"चाळीस पावलं. मोजली होती, आप्पा."

त्यांनी मान डोलावली, आणि मग तिचे हात सोडलेच नाहीत.