चित्रा आणि डोळसचा नवा डोळा

मुलांनो, क्षणभर आपले वजन विसरा. पायाखाली जमीन नाही. डोक्यावर आहे ते छत की भिंत, हे सांगता येत नाही. हातातून सुटलेला चमचा खाली न पडता तिथेच तरंगतो आहे आणि खिडकीबाहेर भरदिवसा काळे आकाश आहे. जमले? मग तुम्ही ‘विसावा’ स्थानकात पोचलात.

हे स्थानक चंद्राभोवती फिरते. पृथ्वीवरून चंद्राकडे सामान नेणारी याने इथे थांबतात. नाव विसावा असले, तरी तिथल्या माणसांच्या वाट्याला तो फारसा येत नव्हता. बदलीची तुकडी यायला उशीर झाला होता, आणि प्रत्येक जण दोघांचे काम एकट्याने करून थकला होता.

दहा वर्षांची उर्वी मात्र थकलेली नव्हती, रडवेली झाली होती. तिचा मित्र डोळस आज मोडीत निघणार होता.

डोळस हा यंत्रमानव. येणाऱ्या यानाच्या दिव्याचा प्रकाश मोजून यान किती दूर आहे ते सांगायचे, हे त्याचे काम. काही महिन्यांपूर्वी त्याला नवा डोळा बसवला, आणि तेव्हापासून गडबड सुरू झाली. रोज सकाळी पाळी बदलताना त्याच्या डोळ्याची परीक्षा होई. एक दिवस आकडा बरोबर येई, दुसऱ्या दिवशी थोडा कमी. शंभरातले दोन-तीन भाग. मग पुन्हा बरोबर, पुन्हा कमी. आज कमी आला होता.

स्थानकाच्या प्रमुख मृणाल सुपेकर त्याच्या डोळ्यावर टोपण बसवत होत्या.

“मृणालमावशी, त्याला अजून एकदा बघू द्या ना.”

“उर्वी, संध्याकाळी तुझीच आई यान घेऊन येतेय. एक दिवसाआड चुकणाऱ्या डोळ्याच्या भरवशावर तिला आणू?” मृणालमावशींनी जांभई दाबली. “दुपारी याचे सुटे भाग काढायचे. राखीव यंत्र सावकाश चालतं, पण चालतं.”

“त्यांचं बरोबर आहे, उर्वीताई,” डोळस टोपणाआडून म्हणाला. “मी थकलो असेन. थकणं म्हणजे काय ते मला नीट माहीत नाही. पण इथे सगळे रोज तेच म्हणतात.”

उर्वी तरंगत तिच्या आजोबांकडे गेली. अप्पांनी उमेदीची वर्षे ताऱ्यांच्या प्रकाशाचा अभ्यास करण्यात घालवली होती. आता ते स्थानकाच्या बागेत बटाटे पिकवत आणि पुष्कळदा बटाट्यांच्या शेजारीच डुलकी काढत.

“अप्पा, उठा. डोळसला मोडणार आहेत.”

“जागाच आहे मी. डोळे तेवढे मिटलेत. का मोडणार?”

उर्वीने सगळे सांगितले.

“आणि परीक्षा घेतात ती कशी?”

“रोज त्याला चित्रा बघायला लावतात.”

अप्पांनी एक डोळा उघडला. “काय बघायला लावतात?”

“चित्रा तारा. चैत्राच्या पौर्णिमेला चंद्र चित्रेजवळ असतो ना, आणि पहिली तुकडी चैत्रात आली होती. म्हणून तेव्हाच्या प्रमुखांनी पहिली परीक्षा चित्रेवर घेतली. मग तीच पद्धत पडली.”

अप्पांनी दुसराही डोळा उघडला. “इतकी वर्षं मी इथे राबतोय आणि हे मला कुणी सांगितलं नाही.”

“पाळी बदलते तेव्हा तुम्ही झोपलेले असता.”

“तेही आहेच म्हणा. बरं, चित्रेचा रंग कसा?”

“निळसर पांढरा.”

“शेगडीची तार आधी लाल होते. आणखी तापवली तर पिवळी, त्याहून तापवली तर पांढरी. ताऱ्यांचंही साधारण तसंच. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश तापलेला आहे. चित्रेचा वीस हजारांच्याही वर. म्हणून तिच्या प्रकाशात निळा रंग जास्त.”

“मग ती एवढीशी का दिसते?”

“अडीचशे प्रकाशवर्षं दूर आहे ती.” (प्रकाश एका वर्षात जेवढे अंतर कापतो, ते एक प्रकाशवर्ष.) “जवळ असती तर बघवलं नसतं. पण इंधनही ती असं भराभर जाळते, की सूर्याच्या कितीतरी आधी संपेल. आपल्यासारखीच, दोन पाळ्या करणारी.” अप्पा थकल्यासारखे हसले. “आणि मुख्य गोष्ट पुढेच आहे. चित्रा एकटी नाही. तो जोडतारा आहे.” (जोडतारा म्हणजे एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे.)

त्यांनी दोन लांबट बटाटे काढले, एक मोठा, एक लहान. आखूड दोऱ्याची दोन टोके दोन्ही बटाट्यांना अशी टोचली, की त्यांची लांबी दोऱ्याच्या रेषेत आली. मग ती जोडी हवेत सोडून हलकेच फिरवली. बटाटे फुगडी घालू लागले.

“बटाटे का? तारे तर गोल असतात.”

“एकटे असतात तेव्हा. हे दोघं फार जवळ आहेत. सूर्यापासून बुध जितका दूर, त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकं अंतर. चंद्राच्या ओढीने पृथ्वीवर समुद्राला भरती येते, तशी इथे अख्ख्या ताऱ्याला येते. प्रत्येक जण दुसऱ्याला आपल्याकडे ओढतो आणि दोघंही अंड्यासारखे लांबट होतात. आता एका जागी थांब आणि नुसती बघ.”

उर्वी बघत राहिली. बटाटे आडवे आले की लांबच्या लांब दिसत. थोडे फिरले की फक्त त्यांची टोके तिच्याकडे येत आणि ते लहान दिसत. पुन्हा आडवे, पुन्हा टोके.

“अप्पा, टोक आपल्याकडे असेल तर आपल्याला उजेडाचा तुकडाच लहान दिसणार. म्हणजे प्रकाश कमी.” ती थांबली. “एक फेरी किती दिवसांची?”

“जवळजवळ चार.”

“एका फेरीत दोनदा आडवे, दोनदा टोकं. म्हणजे एक दिवस जास्त, एक दिवस कमी. पण मग जुन्या डोळ्याला हे का नाही दिसलं?”

अप्पांनी बटाट्यांच्या जोडीला पुन्हा हलका धक्का दिला.

“त्याला इतकं बारीक दिसतच नव्हतं,” उर्वी हळूहळू म्हणाली. “डोळस चुकत नाहीये. त्याला जास्त दिसतंय.”

ती अप्पांना आणि बटाट्यांना घेऊन परत पोचली तेव्हा मृणालमावशींच्या हातात पाना होता. त्यांनी सगळे ऐकून घेतले, बटाटेही पाहिले.

“अप्पा, तुमच्या शब्दाला मान आहे. पण बटाट्यांच्या जिवावर मी यान आणू शकत नाही.”

“नकाच आणू,” उर्वी म्हणाली. “त्याला अभिजित तारा दाखवा. त्याचा प्रकाश असा वर-खाली होत नाही ना, अप्पा? डोळाच खराब असेल, तर आज अभिजितही कमी दिसायला हवा.”

मृणालमावशींनी टोपण काढले. डोळसने अभिजित ताऱ्याकडे पाहिले आणि आकडा सांगितला. बरोबर होता. त्यांनी आणखी एक स्थिर तारा विचारला, मग आणखी एक. सगळे बरोबर. त्यांनी पाना सोडून दिला. तो तसाच हवेत तरंगत राहिला.

“इतके दिवस तुला बोलले मी,” त्या डोळसला म्हणाल्या. “तू काहीच कसं म्हणाला नाहीस?”

“मी रोज दिसेल तोच आकडा सांगत होतो. तुम्ही चूक म्हणालात. मला वाटलं, माझीच असेल.”

संध्याकाळी डोळसने उर्वीच्या आईचे यान अलगद धक्क्याला आणले. मृणालमावशी तोवर जागच्या जागी, पट्ट्यात अडकून, गाढ झोपल्या होत्या. त्यांना कुणी उठवले नाही.

“याहून बारीक बघणारे डोळे होतील,” अप्पा उर्वीला म्हणाले. “अजून काय काय दिसेल, ते बघायला तू असशील. मी जरा पडतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळसची परीक्षा अभिजितवर झाली. ती संपल्यावर उर्वी आली. तिने डोळसला चित्रेकडे वळवले, आणि तो बघणार एवढ्यात त्याच्या डोळ्यापुढे हात धरला.

“थांब,” ती म्हणाली. “आज काय दिसणार, ते आधी मी सांगते.”