धुतलेल्या साली

मेसच्या मागच्या दाराशी दोघांची अशी टक्कर झाली, की त्याच्या बादलीतल्या बटाट्याच्या साली तिच्या हातांवर आल्या आणि कोबीचं एक पान त्याच्याच चष्म्यावर जाऊन बसलं.

"डोळे कुठे आहेत तुमचे?" ती कडाडली.

"तुमच्याकडेच…" तो बोलून गेला, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

हा वसतिगृहाच्या मेसचा नवा सेक्रेटरी. गणिताचा विद्यार्थी, भिडस्त. आणि ती वनस्पतिशास्त्राची. विद्यापीठाचा ओला कचरा गाडीत भरून कुणाच्या तरी दारात नेऊन ओतायचा नाही, इथेच त्याचं खत करायचं, हा तिचा ध्यास. महिनोन्‌महिने अर्ज-विनंत्या करून तिने ग्रंथालयामागे एक खड्डा मिळवला होता. मैत्रिणी तिला खतराणी म्हणत, आणि ती ते नाव मिरवायची.

"शी! आता दिवसभर हातांना वास येणार," ती हात झटकत म्हणाली आणि निघून गेली. तिने ते सहजच म्हटलं होतं. पण प्रेमात पडलेल्या माणसाला सहज म्हटलेलं काही ऐकूच येत नाही!

त्या दिवसापासून बादल्या घेऊन सेक्रेटरी स्वतः खड्ड्यापाशी येऊ लागला. थंडीची सकाळ, ग्रंथालयाच्या भिंतीवर कोवळं ऊन, आणि हा बादली ठेवून उगाच घुटमळतोय.

"काही राहिलं का?" ती विचारायची.

"नाही… म्हणजे, निघतोच आहे."

निघायचा मात्र नाही. तिलाही तो निघू नये असं वाटायला लागलं होतं. बादली आली की आधी तिची नजर बादलीमागच्या चेहऱ्याकडे जायची. स्वतःशी कबूल करायला मात्र ती तयार नव्हती.

आणि नेमका त्याच दिवसांत खड्डा बिघडला. चांगलं खत आतून गरम असतं. हिचा ढीग थंडगार पडला, चिकट झाला, आणि असा सडका वास सुटला की ग्रंथालयाच्या खिडक्या धडाधड बंद झाल्या. कुलसचिव नाकाला रुमाल लावून आले. "सोमवारी पुन्हा येतो. हाच वास असला तर खड्डा बुजवून टाकू. तिथे गाड्या लावायला तरी जागा होईल."

तिच्या पायाखालची जमीनच सरकली. हा खड्डा गेला, तर पुन्हा कुणी तिला वीतभर जागा देणार नव्हतं. ढीग उकरला तर आत नुसता चिखल. इतकं पाणी येतंय तरी कुठून? दुसऱ्या दिवशी उजाडताच ती मेसच्या मागे जाऊन उभी राहिली.

नळ धो-धो वाहत होता. नळाखाली बाह्या सरसावून सेक्रेटरी बसला होता, आणि एकेक साल चोळून चोळून धूत होता.

"हे काय चाललंय?"

"धुतोय."

"कचरा? कचरा धुतोयस तू?" रागाच्या भरात ती 'तुम्ही' विसरूनच गेली.

"तुमच्या हातांना वास येतो ना… म्हणून रोज…" त्याचा आवाज नळाच्या आवाजात बुडाला.

ती कपाळाला हात लावून पायरीवर बसली. "अरे शहाण्या, माझा ढीग बुडवलास की! एवढं पाणी प्यायल्यावर तो श्वास कसा घेणार?"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. ते पाहून तिला एकदम हसू फुटलं. आणि हसता हसता डोळे भरून आले. आजवर तिच्या खताला नाकं मुरडणारे ढीगभर भेटले होते. तिच्या हातांची काळजी करणारा हा पहिलाच. आपण याच्या प्रेमात पडलोय, हे तिला त्या पायरीवर लख्ख कळलं.

"ऊठ," ती डोळे पुसत म्हणाली. "पाप तुझं, निस्तरायचं दोघांनी."

मग काय, दोघांनी कंबर कसली. आवारभर पडलेला पालापाचोळा पोत्यांत भरून आणला, ढीग उपसला, चिखलात पाचोळा मिसळला, पुन्हा रचला. रोज खालीवर केला. मधेच दोघांचे हात एकाच फावड्यावर पडत, आणि कुणालाच ते काढून घ्यायची घाई नसे.

सोमवारी कुलसचिव रुमाल तयार ठेवूनच आले. ढिगातून पांढरी वाफ निघत होती. त्यांनी हुंगलं. रुमाल खाली आला. पुन्हा हुंगलं. "वास…?" त्यांनी ढिगात हात खुपसला आणि चटकन मागे घेतला. "अहो, हे तर चांगलंच गरम आहे!"

ग्रंथालयाच्या खिडक्या एकेक करून उघडल्या. खिडक्यांतून टाळ्या पडल्या.

"खड्डा राहील," कुलसचिव म्हणाले. "आणखी दोन खणा. सगळ्या वसतिगृहांचा कचरा इथेच आणू. पण एकटीला झेपेल?"

"मी आहे, सर," सेक्रेटरी पुढे झाला.

"परीक्षेपर्यंत उत्साह टिकतो सगळ्यांचा. तुम्ही किती दिवस राहणार?"

सेक्रेटरीने तिच्याकडे पाहिलं. "ही म्हणेल तितके."

"मी जन्मभर म्हणेन," ती बोलून गेली. अगदी मोठ्याने… खिडक्यांपर्यंत पोचेल इतक्या!

कुलसचिव खाकरले. "मी खड्ड्याच्या कामाचं विचारत होतो."

"मला दोन्ही कामं मंजूर आहेत, सर," सेक्रेटरी म्हणाला, आणि आज पहिल्यांदाच लाल झाला नाही. लाल झाली ती खतराणी, आणि तिने सगळ्यांदेखत त्याचा हात धरला.